दिठीने दार का लावलं?

दिठीने दार का लावलं, या एका प्रश्नापायी कोल्हापुरात आजवर दोन-तीन ठरलेली लग्नं मोडली होती, एका बँक मॅनेजरची बढती अडली होती आणि तनुजा इंगवलेच्या इमारतीतल्या दोन सख्ख्या जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. दिठी हाडामांसाची बाई असती तर लोकांनी तिला गाठून एकदाचं विचारून टाकलं असतं. पण ती पडली कार्टूनमधली. तिला विचारायचं कुणी आणि कुठे?

तनुजाला या भानगडीत पडायला आता वेळही नव्हता. ती राजारामपुरीतल्या एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. नवरा रणजित फौंड्रीत साचे बनवायचा. आणि दिवाळीपासून घरात बकुळ आली होती. बकुळ आठ वर्षांची. लहान असताना तिला कुणीतरी एका तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर बसवलं, ‘पाणी घेऊन येतो, हलू नको’ म्हणून सांगितलं, आणि ते माणूस परत आलंच नाही. ती बराच वेळ हलली नाही, एवढं तिच्याबद्दल सगळ्यांना माहीत होतं. पुढे बालगृह, आणि आता दत्तक जाण्याआधीची सहवासाची मुदत इंगवल्यांच्या घरी. ही मुदत संपत आली होती. दत्तक समितीने हो म्हटलं तर बकुळ कायमची यांची होणार होती. नाही म्हटलं तर तिची बॅग भरून तिला परत पोचवायचं होतं.

समितीच्या समुपदेशक कदमबाईंचा फोन आला तेव्हा तनुजा पोहे परतत होती.

"मॅडम, घरभेटी झाल्या, शाळेचा अहवाल छान आलाय. आता फक्त कौल राहिला. पुढच्या गुरुवारी तिघं या."

"तिघं? बकुळचा पण कौल घेणार?"

"सात वर्षांपुढच्या मुलांचा आता घेतातच. काही नसतं हो त्यात! अर्धा एपिसोड बघायचा आणि पुढे काय होईल ते सांगायचं. मुलांना तर मजा येते."

तनुजाने "होय की, येतो" म्हणून फोन ठेवला. गॅस बंद करून ती दाराशी आली. बाहेरच्या खोलीत बकुळ फरशीवर बसून ‘काजळगड’ बघत होती. सोफा होता, गाद्या होत्या, तरी पोरगी बसायची ती दाराजवळच्या फरशीवर. पडद्यावर दिठीचा हात कडीवर गेला होता.

‘काजळगड’ ही कार्टून मालिका सुरू झाली तेव्हा तनुजा शाळेत होती. डोंगरावर एक गड, त्याच्या भोवती माणसं गिळणारा अंधार, आणि तो अंधार दिव्यांनी अडवून धरणारे पहारेकरी, अशी ती गोष्ट. शेवटच्या दारावर दिठी आणि तिचा धाकटा भाऊ टिपूर यांचा पहारा. सोबतीला घुमी नावाचं वटवट करणारं घुबड. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी टिपूर दिव्यासाठी तेल आणायला खाली गेला असताना अंधार अचानक वर चढला. टिपूर धावत परत आला, आणि तो पायरीवर पोचतो न पोचतो तोच दिठीने दार लावून घेतलं. का, ते मालिका करणाऱ्यांनी त्या पर्वात सांगितलं नाही, आणि नंतरच्या एकाही पर्वात सांगितलं नाही.

झालं! स्वतःला ‘काजळे’ म्हणवून घेणारे चाहते त्या दारावर तुटून पडले. कुणी म्हणालं दिठीवर चेटूक झालं होतं. कुणी म्हणालं परत आलेला टिपूर हा टिपूर नव्हताच, अंधाराने घेतलेलं त्याचं सोंग होतं. आतल्या शंभर माणसांना वाचवण्यासाठी दिठीने काळजावर दगड ठेवला, हा अंदाज सगळ्यांत लोकप्रिय. एका गटाच्या मते दार लावणारी दिठी नसून तिचं रूप घेतलेली घुमी होती, आणि त्या गटाशी कुणी फारसं बोलायचं नाही. लोक वर्षानुवर्षं आपापले अंदाज मांडत राहिले, भांडत राहिले, आणि हे सगळं तारीखवार इंटरनेटवर कुठेतरी साठत राहिलं.

त्या साठ्यावर डॉ. नीलांबरी साठ्ये यांची नजर गेली. या बाई मेंदूच्या अभ्यासक. मालिका त्यांनी पाहिलीही नव्हती. त्यांना शोध लागला तो असा: गोष्टीत कुठे पोकळी राहिली की मेंदू ती आपणहून भरतो, पण ती भरण्याचं काम कल्पनाशक्ती करते असं जे आपण समजतो ते खरं नाही. उद्या अडचण आली तर आपण स्वतः काय करू, याचा आडाखा मेंदूचा जो भाग बांधतो, तोच भाग दिठीचंही काय ते ठरवतो. स्वतःबद्दल विचारलं की माणूस सोयीचं बोलतो. मी पळणार नाही, मी सोडून जाणार नाही, असं सगळेच सांगतात. दिठीबद्दल मात्र खोटं बोलायचं कुणाला काही कारण नव्हतं. साठ्येबाईंनी लाखो लोकांचे जुने अंदाज घेतले आणि तीच माणसं पुढे पुरात, अपघातात, आजारपणात कशी वागली ते पडताळून पाहिलं. दहातल्या आठ-नऊ वेळा ताळा जमत होता.

मग यंत्र आलं. एका बंद खोलीत माणसाला बसवायचं, त्याच्यासाठी तिथल्या तिथे तयार केलेला नवा अर्धा एपिसोड दाखवायचा, ऐन मोक्यावर थांबवायचं आणि विचारायचं, पुढे काय? माणूस बोलत असताना यंत्र त्याच्या डोळ्यांची बाहुली, श्वास आणि नाडी बघायचं. माणसाने कोणती शक्यता तोंडापर्यंत आणून गिळली, हेही यंत्राला कळायचं. यंत्राचं सरकारी नाव इतकं लांब होतं की ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. लोकांनी त्याला सरळ कौल म्हटलं. देवळात मूर्तीला फूल लावून देवाला विचारतात, उजवं पडलं तर हो आणि डावं पडलं तर नाही. यंत्रही शेवटी एवढंच सांगायचं. नर्सच्या नोकरीला कौल, बसचालकाला कौल, लग्नाला कौल. मुलगी काय शिकलीये याच्या पाठोपाठ मुलाची आई आवाज उतरवून विचारायची, "आणि दिठीबद्दल तिचं काय मत आहे?"

तनुजाचं मत सतराव्या वर्षी होतं तेच आजही होतं. तेव्हा तिने काजळ्यांच्या गप्पांत लिहिलं होतं, ‘दिठी घाबरली. एवढंच.’ त्यावर लोक केवढे चिडले होते! पण तिला दुसरं काही वाटलंच नाही. अंधार चढतोय, दार जवळ आहे, हात कडीवर आहे, तर माणूस घाबरतं आणि दार लावतं, यात एवढं कोडं काय आहे?

आयुष्यात तिने कुणावर दार लावलं नव्हतं. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात तीच उशाशी होती. पण झालेल्या गोष्टी कौल विचारतच नव्हता.

"तू अजून तेच धरून बसलीस?" रात्री जेवताना रणजितने बकुळ आत गेल्याचं बघून हळूच विचारलं.

"धरून कुठं बसलेय? मला तसंच वाटतं, त्याला मी काय करू?"

"मग दुसरं वाटून घे की!"

"असं वाटून घेता येतं होय?"

"लोक घेतात की. शाहूपुरीत पाटणकर सरांचा क्लास आहे. आमच्या सुपरवायझरचा डावा पडणार होता, सरांनी उजवा करून दिला." रणजितने ताट बाजूला सारलं. "तनू, हे एकदा निभावून ने. पोरगी परत गेली तर मला नाही सोसणार."

ते तिलाही सोसणार नव्हतं. म्हणून ती क्लासला गेली.

पाटणकर सर पूर्वी स्कॉलरशिपचे वर्ग घ्यायचे, त्यामुळे शिकवायची पद्धत तीच. "त्याग!" असं फळ्यावर लिहून त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या. "दिठी रडते आहे, पण हात थरथरत नाही. का? आतले शंभर जीव. सगळ्यांनी म्हणा. म्हणताना श्वास सावकाश सोडा. भाऊ आठवा, आई आठवा, कुणीही आठवा, पण भीती आठवू नका." वर्गात एक पोलीस भरतीचा उमेदवार होता, साखरपुडा झालेली एक जोडी होती, आणि सगळे एका सुरात म्हणत होते, शंभर जणांना वाचवण्यासाठी. तनुजाही म्हणाली. घरी आल्यावर भांडी घासतानाही म्हणत राहिली. शेवटी शेवटी तिला ते जवळजवळ खरं वाटायला लागलं.

दारात पोचली की किल्ली काढण्याआधीच बकुळ आतून दार उघडायची. बेल वाजवायचीसुद्धा गरज पडायची नाही.

"तुला कसं गं कळतं मीच आहे ते?" तनुजा दर वेळी विचारायची.

"कळतं," बकुळ म्हणायची आणि आत पळायची.

मंगळवारी संध्याकाळी तिच्या केसांना तेल लावताना तनुजाला राहवलं नाही. खरं म्हणजे मुलांना काही शिकवून आणू नका असं कदमबाईंनी बजावलं होतं. पण ज्या घरात पहिलीपासून प्रश्नोत्तरं घोकून घेतात, त्या घरातल्या बाईला परीक्षा दिसत असताना गप्प बसवत नाही.

"बकुळ, गुरुवारी तिथं विचारतील, दिठीनं दार का लावलं? मग काय सांगायचं?"

बकुळने मान वळवली. "मावशी, मला ना असं वाटतंय की टिपूर..."

"टिपूरचं नाही विचारणार. दिठीचं विचारतील. म्हणायचं, शंभर जणांना वाचवण्यासाठी. म्हण बघू."

"पण टिपूर दाराच्या..."

"आधी हे म्हण. मग तुझं सांग."

बकुळ म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिचं पाठांतर चांगलं होतं, बालगृहात सगळ्या प्रार्थना तिला पाठ होत्या. रणजित कामावरून आला तेव्हा त्याच्यासमोरही तिने एका दमात म्हणून दाखवलं. तो खूश झाला आणि तिला आईस्क्रीम खायला घेऊन गेला. तिचं स्वतःचं काय ते सांगायचं राहूनच गेलं, आणि तनुजाच्याही ते लक्षात राहिलं नाही.

झोपताना मात्र बकुळने विचारलं, "चुकलं तर परत पाठवतात?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही."

"नाही पाठवत. झोप." तनुजाने दिवा मालवला. आपण आत्ता खोटं बोललो, हे तिला अंधारातही स्पष्ट कळत होतं.

बुधवारी दुकानात एक वडापची जीप चालवणारा माणूस आला. लायसनसाठी डोळ्यांचा दाखला हवा होता. त्याने समोरच्या तक्त्यावरची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. असली माणसं तनुजा रोज बघायची. तिने बटण दाबून तक्ता बदलला. माणूस पुन्हा तेवढ्याच जोरात जुनीच ओळ म्हणाला. समोर आता ती अक्षरं नव्हतीच.

"दादा, हे पाठ करून आलाय तुम्ही."

त्याचा चेहरा पडला. "घाबरलो होतो हो ताई," तो म्हणाला. "घाबरल्यावर तेवढंच तोंडात येतंय."

तनुजाच्या डोळ्यांसमोर बकुळ आली, एका दमात म्हणून दाखवणारी. यंत्र तर दर वेळी तक्ता बदलणार होतं! तिने तिथूनच रणजितला फोन लावला. "आपण चुकलोय. पोरीला सांगूया की तुला वाटेल ते बोल."

"आता शेवटच्या दिवशी काही बदलू नकोस," रणजित मशीनच्या आवाजात ओरडून म्हणाला. "ती गोंधळेल. पाठ आहे ते राहू दे!"

घरी गेल्यावर तनुजाने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. गोंधळेल, हेही खरंच होतं. कसंही केलं तरी चुकणार, असं वाटायला लागलं की माणूस काहीच करत नाही, तसं तिचं झालं.

कौलघर ताराबाई पार्कात होतं. पांढऱ्या भिंती, मोठा बाक, ओळीने बंद दारं. रणजित पहिला गेला आणि थोड्या वेळात हसत बाहेर आला. उजवा. त्याला मनापासूनच वाटत होतं की दिठीने शंभर जणांसाठी दार लावलं, त्याला क्लासची गरजच नव्हती. मग बकुळला आत नेलं. जाताना तिने वळून तनुजाकडे पाहिलं, आणि तिचे ओठ हलत होते. ती मनातल्या मनात उजळणी करत होती.

कदमबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच तनुजा उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही तिला काही शिकवलं होतं का?"

रणजित म्हणाला, "छे हो!" आणि त्याच वेळी तनुजा म्हणाली, "हो."

कदमबाईंनी सुस्कारा सोडला. "प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देते आहे. घुमी उडून कुठे गेली, तर शंभर जणांना वाचवण्यासाठी. टिपूरला भूक लागली तर काय खाईल, तरी शंभर जणांना वाचवण्यासाठी. आता तर नुसती बसलीये. कौल पडतच नाही, फूल अडकल्यासारखं झालंय. असं झालं की मुलावर दडपण होतं असं नोंदवावं लागतं. मग चौकशी, आणि तोवर मूल बालगृहात."

"मी तिच्याजवळ जाऊ का?" तनुजाने विचारलं.

"एकत्र बसता येतं, नियम आहे. पण मग तुमचाही कौल त्यातूनच धरतात. तुमची वेगळी वेळ मिळणार नाही, आणि परत संधीही नाही."

रणजितने तिचा दंड धरला. "तनू, नको. तुझं तू वेगळं दे. तुझं चांगलं पाठ झालंय. बकुळचं नंतर बघू काहीतरी."

"ती आत एकटी आहे, रणजित," तनुजा म्हणाली आणि त्याचा हात सोडवून घेतला.

खोली लहान होती. बकुळ खुर्चीत नव्हती, खुर्चीच्या पुढे फरशीवर बसली होती. तनुजा तिच्या शेजारी खालीच बसली. पडदा उजळला. यंत्राने नवा प्रसंग रचला होता, पण जागा तीच होती. दार, कडी, कडीवर दिठीचा हात. मग चित्र दाराबाहेर आलं. पायरीवर टिपूर बसलेला, मागून अंधार चढत येणारा. चित्र थांबलं. ‘पुढे काय?’ एका शांत आवाजाने विचारलं.

"शंभर जणांना वाचवण्यासाठी," बकुळ पुटपुटली. तिने फ्रॉकचा काठ मुठीत घट्ट धरला होता.

शाहूपुरीच्या क्लासमधलं सगळं तनुजाच्या ओठांवर आलं. श्वास सावकाश सोडा. भीती आठवू नका. आणि तिला एकदम स्वतःची चीड आली.

"बकुळ, ते मी तुला शिकवलं. ते माझंसुद्धा नाही, एका सरांचं आहे. मला खरं काय वाटतं सांगू? मला वाटतं दिठी घाबरली होती."

बकुळने मान वर केली. "एवढंच?"

"एवढंच."

"मग पुढं?"

इतक्या वर्षांत तनुजाचा अंदाज कायम इथेच संपायचा. घाबरली आणि दार लावलं. पुढचं तिला कधी सुचलं नव्हतं, आणि तिने कधी शोधलंही नव्हतं. "पुढचं मला माहीत नाही गं."

"मला म्हाईत हाय," बकुळ म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिच्या बोलण्यात तो जुना हेल आला होता. ती गुडघ्यांवर सरकत पडद्याजवळ गेली आणि दाराच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे फटीतून दिव्याचा पिवळा उजेड बाहेर येत होता, आणि त्या उजेडात दोन काळे ठिपके होते. "हे बघ. हे तिचे पाय. ती गेली न्हाई. दार लावलं आन् तिथंच हुबी हाय. टिपूरला दिसतंय ते. म्हणून तो रडत न्हाई."

तनुजा बघतच राहिली. सगळे काजळे आजवर दिठीबरोबर दाराच्या आत उभे राहून भांडत होते. पायरीवर टिपूरच्या शेजारी बसून कुणी पाहिलंच नव्हतं. तिनेही नाही.

"तू हे कधी बघितलंस?"

"कायम बघते. तू घरी येतेस तवा पण." बकुळचा आवाज बारीक झाला. "स्टँडवर मी खाली बसून सगळ्यांचे पाय बघत हुते. लई पाय आले. ते न्हाई आले."

तनुजाने तिला जवळ ओढलं. तिला रडू आवरेना, आणि यंत्र काय मोजतं आहे याची तिला आता पर्वा नव्हती. बकुळने थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग तिने विचारलं, "मावशी, तू पण घाबरतेस?"

"हो. लई घाबरते. आत्ता पण घाबरलेय."

"मग तू जाणार?"

"नाही."

"दार लावणार?"

तनुजाला ‘नाही’ म्हणायचं होतं. ते किती सोपं होतं! "माहीत नाही," ती म्हणाली. "पण जाणार नाही."

पडदा विझला.

निकालासाठी समितीने तनुजाला एकटीला बोलावलं. मुलांसमोर कौल वाचत नाहीत. रणजितला बाकावर बसवेना, म्हणून उजव्या कौलाचे रणजितराव गाडी काढतो म्हणून खाली निघून गेले होते. बकुळ बाकावर एकटी राहिली. तनुजा आत गेली आणि शिपायाने बाहेरून दार ओढून घेतलं.

आत तिघं होते. मधोमध मुजुमदारबाई, पिकल्या केसांच्या, कधीकाळी कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश होत्या. त्यांनी टेबलासमोरची खुर्ची दाखवली. "बसा."

"मी इथेच उभी राहते," तनुजा म्हणाली. तिने पाठ दाराला जवळजवळ टेकवली होती.

बाईंनी भुवया उंचावल्या, पण पुढे वाचायला घेतलं. "बकुळचा कौल उजवा पडला आहे. चांगलाच स्पष्ट. तुमच्याकडे राहिली तर ती रुजेल असं यंत्र म्हणतं." त्यांनी पडद्यावरचा मजकूर पुढे सरकवला. "तुमचा डावा आहे. मोठं संकट आलं तर तुम्ही घाबराल आणि दार लावाल, असं त्याचं म्हणणं आहे."

इतकी वर्षं तनुजाला ज्याची धास्ती होती ते अखेर कुणीतरी तोंडावर म्हणालं होतं. डावा कौल तिच्या नावावर आता कायमचा राहणार होता. उद्या दुकान सोडून दुसरी नोकरी धरायची म्हटली तरी तो आधी तिथे पोचणार होता.

"कौल असे उलटसुलट पडले की निर्णय आम्ही घ्यायचा असतो," मुजुमदारबाई म्हणाल्या. "तुम्हाला काही सांगायचं आहे? आणि बसत का नाही तुम्ही? पाय लटपटताहेत तुमचे."

"बकुळ बाहेर आहे."

"मग?"

"तिला फटीतून पाय दिसतात," तनुजा म्हणाली. "मी तिकडे येऊन बसले तर दिसणार नाहीत."

समितीतल्या तिघांनीही खाली पाहिलं. दार आणि फरशी यांच्यामध्ये बोटभर फट होती, आणि पलीकडे जमिनीलगत काहीतरी हललं. बाजूचे गृहस्थ खाकरले. मुजुमदारबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"यंत्र म्हणतं तुम्ही दार लावाल," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

"लावीनही. मला खरंच माहीत नाही."

"आणि मग?"

"मग अशीच उभी राहीन."

बाईंनी शेजाऱ्यांकडे एकेकदा पाहिलं. काही बोलणं झालं ते तनुजाला ऐकू आलं नाही, तिच्या कानांत नुसता घों घों आवाज भरला होता. मग त्यांनी समोरचा पडदा बंद केला.

"हे यंत्राला विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "जा. तिला घरी न्या."

तनुजाला वळून दार उघडायलाही थोडा वेळ लागला. बाहेर बाक रिकामा होता. बकुळ दाराशी फरशीवर पालथी पडली होती, गाल जमिनीला टेकलेला, एक हात फटीपर्यंत पोचलेला. ती उठून बसली. गालावर फरशीची धूळ होती.

"मावशी, तू मधे एकदा पाय हलवलास," ती म्हणाली. "मला वाटलं निघालीस."

"नाही गं," तनुजा खाली बसून तिचा गाल पुसत म्हणाली. "अवघडले होते. या पायावरून त्या पायावर भार घेत होते."